निसळांच्या घरचा युरो

शामकांत निसळ यांनी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत बँकेतली एकही ठेव मुदतीआधी मोडली नाही. घरात आजारपणं झाली, सावेडीतल्या घराचं प्लॅस्टर दोनदा पडलं, मेहुण्याने तीनदा हात पसरले. ठेव जागची हलली नाही. मुदतीआधी मोडली तर एक टक्का व्याज कापलं जातं, हे कारण होतंच. पण शामकांतरावांच्या लेखी खरा प्रश्न चारित्र्याचा होता.

म्हणून दोन हजार चोवीसच्या जून महिन्यात एका सकाळी नीलांबरीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "मग मोडा ना ती ठेव, आणि आत्ताच पाठवून टाका पैसे," तेव्हा शामकांतरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोने जणू देव्हारा भंगारात द्यायला सांगितला असावा, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

विषय मनवाचा होता. मनवा ही निसळांची एकुलती एक मुलगी. सुप्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी करून तिने जर्मनीतल्या केम्निट्झ नावाच्या गावी प्रवेश मिळवला होता. ते नाव कॉलनीत कोणालाच नीट घेता येत नसे, त्यामुळे ज्याला त्याला वाटे की मनवा चेन्नईला चाललीय, आणि तो इडलीबद्दल बोले. तिकडच्या विद्यापीठाला फी जवळजवळ नव्हती. पण वर्षभराचा खर्च, म्हणजे अकरा हजार दोनशे आठ युरो, आधी एका कुलूपबंद खात्यात भरायचा, मग व्हिसा मागायचा, आणि तिथे गेल्यावर त्यातूनच दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढायचे, असा नियम होता. शामकांतरावांना हा नियम मनापासून आवडला. आधी तरतूद, मग खर्च. असा देश मुलीला मिळतोय याचं त्यांना समाधान वाटलं.

अडचण एवढीच होती, की पैसे ज्या ठेवीत होते ती पिकणार होती वीस ऑगस्टला. जूनमध्ये युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. ऑगस्टपर्यंत तो वर गेला तर?

"तर जाईल," नीलांबरीबाई म्हणाल्या. "ठेव मोडून किती नुकसान होईल?"

"सहा हजार आठशे."

"मग मोडा."

शामकांतराव उठून बाहेरच्या खोलीत गेले. तीन दिवस त्यांनी मोबाईलवर काहीतरी वाचलं, वहीत रेघा मारल्या, आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं, की जगातल्या मोठ्या कंपन्या अशा वेळी ठेवी मोडत बसत नाहीत. त्या 'हेजिंग' करतात. म्हणजे कुंपण घालतात. त्यासाठी 'ऑप्शन' नावाची सोय असते. थोडे पैसे भरून ठेवायचे, आणि परकीय चलन महाग झालं तर तेवढी भरपाई आपल्याला मिळते. स्वस्त झालं तर भरलेले थोडे पैसे सोडून द्यायचे. "विमाच आहे हा," ते म्हणाले. "रुपयाचा विमा."

नीलांबरीबाई घरी गाण्याचे वर्ग घेत. त्यांनी पेटीचा भाता उघडला आणि सा धरला.

ही योजना शामकांतरावांनी पहिल्यांदा सांगितली शेजारच्या चांदभाईंना. चांदभाई लिंबाचे व्यापारी. श्रीगोंद्याकडच्या बागा घ्यायच्या आणि माल मार्केट यार्डात आणायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. दोन घरांमधल्या भिंतीवर हात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यात नवीन काय हाय? आमी जल्मभर हेच करतोय."

"ऑप्शन?"

"इसार! बागेला फूल हाय, फळ न्हाई. मालकाला मी धा हजार इसार देतो. ठरलं, की उन्हाळ्यात बाग ह्या भावानं माजी. भाव चढला, तर बाग घेतो. भाव पडला, तर इसार सोडतो आन घरी चहा पितो. गेले तर धा हजारच गेले."

शामकांतरावांना एकदम भरून आलं. जे समजायला त्यांना तीन दिवस आणि बारा व्हिडिओ लागले होते, ते या माणसाने लिंबात सांगितलं होतं. "चांदभाई, तुम्ही कॉल ऑप्शनमध्ये आहात," ते म्हणाले.

"असंल," चांदभाई म्हणाले. "घरी शरिफाला सांगू नका. ती आधीच म्हनती, लई डोकं चालवतो."

कॉलनीतला दुसरा सल्ला इतका उत्साहवर्धक नव्हता. सकाळच्या फिरण्यातले सोबती अजिनाथ पालवे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, 'ऑप्शन' हा शब्द ऐकताच चालायचे थांबले. त्यांनी फंडातले चार लाख शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये घालवले होते, आणि ही गोष्ट पाथर्डीच्या गावाकडे अजून कोणाला ठाऊक नव्हती.

"निसळसाहेब, माजं ऐका, त्यात पडू नका. मी पडलो, आजून निगतोय."

"पालवे, तुम्ही सट्टा केलात. मी जोखीम कमी करायला घेतोय."

अजिनाथरावांनी त्यांच्याकडे अपार करुणेने पाहिलं. "मी बी आदी तेच म्हनायचो," ते म्हणाले, आणि पुन्हा चालायला लागले.

तरीही पुढच्या सोमवारी शामकांतराव प्रेमदान चौकाजवळच्या एका दलाल कंपनीच्या शाखेत गेले. शाखा विजयमाला नावाच्या बाई सांभाळत. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'काका' किंवा 'दादा' यांपैकी एका खणात टाकणाऱ्या. रुपयाचा विमा घ्यायचाय म्हटल्यावर त्यांनी चष्मा खाली ओढला.

"काका, सगळे लोक करन्सीतून बाहेर पडतायत आणि तुम्ही आत येताय?"

"बाहेर का पडतायत?"

"नियम कडक झालेत ना मे महिन्यापासून. ज्याला खरंच परकीय चलनाची गरज आहे, त्यानेच यायचं. नुसत्या खेळणाऱ्यांना बंदी. आमच्याकडचे करन्सीवाले सगळे गेले."

"मला खरंच गरज आहे," शामकांतराव ताठ बसून म्हणाले.

"हो, पण मला असा माणूस आजवर भेटलेला नाही," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजात संशय होता की कौतुक, हे शामकांतरावांना घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

खातं उघडण्यासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसून ओळख पटवायची होती. शामकांतराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पलीकडच्या मुलीने त्यांना डोळे मिटायला, मग उघडायला, मग मान डावीकडे वळवायला सांगितलं. जिल्हा परिषदेतल्या एकाही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने त्यांना असं कधी वळवलं नव्हतं. त्यातच आतल्या खोलीत नीलांबरीबाईंच्या आठ विद्यार्थिनींनी भूपाचे अलंकार सुरू केले. "सर, मागचा आवाज बंद करा," मुलगी म्हणाली. शामकांतरावांनी आत जाऊन विनंती केली. "समेवर थांबतील," नीलांबरीबाई म्हणाल्या. सम यायला बराच वेळ लागला.

शेवटी निकाल आला तो असा, की चेहरा जुळत नाही. आधार कार्डावरच्या फोटोत शामकांतरावांना मिशी होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती काढली होती, आणि सरकारला कळवलं नव्हतं.

"काजळाने काढू का?" मनवाने विचारलं.

"माझी ओळख मी खोटी पटवणार नाही," शामकांतराव म्हणाले, आणि त्यांनी अकरा दिवस मिशी वाढवली. ती पूर्वीसारखी काळी न येता मिठाच्या डबीत बोट बुडवून ओठावर ओढावं तशी आली. पण संगणकाला रंगाचं काही नसावं. बाराव्या दिवशी शामकांत निसळ हे शामकांत निसळच आहेत, हे मान्य झालं.

मग फॉर्म. त्यात एक प्रश्न होता: 'आपण किती जोखीम घेण्यास तयार आहात?' पर्याय चार. शामकांतरावांनी आनंदाने सर्वांत वरचा निवडला: 'अजिबात नाही.' संपूर्ण फॉर्ममध्ये त्यांना इतका सोपा वाटलेला हा एकच प्रश्न. दुसऱ्या दिवशी विजयमालाबाईंचा फोन आला.

"काका, अर्ज परत आलाय. ज्याला जोखीम नको, त्याला ऑप्शनचं खातं मिळत नाही."

"अहो, पण मला जोखीम नको म्हणूनच ऑप्शन हवाय!"

"मला कळतंय हो. संगणकाला नाही कळत. तुम्ही 'जास्त' लिहा."

शामकांतराव त्या 'जास्त'समोर वीस मिनिटं बसले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची प्रवासभत्त्याची बिलं दीड किलोमीटरच्या फरकासाठी परत पाठवली होती. स्कूटरवर चौकातसुद्धा ते हेल्मेट घालून जात. आणि आता, स्वतःच्या सहीनिशी, मी जास्त जोखीम घेणारा गृहस्थ आहे, असं लिहून द्यायचं होतं. त्यांनी लिहून दिलं. त्या दिवशी ते जेवले कमी.

"काय झालं?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

"काही नाही. नियमात बसवावं लागतं."

यानंतर गरजेचा पुरावा. मनवाचं प्रवेशपत्र शामकांतराव प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. विजयमालाबाईंनी ते मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पाठवलं. मुख्य कार्यालयाने तीन शंका काढल्या. पत्र जर्मन भाषेत आहे. प्रवेश मनवा निसळ यांना आहे, अर्ज शामकांत निसळ यांचा आहे. आणि या दोघांचं नातं काय? शामकांतरावांना ही तिसरी शंका लागली. पण लेखा विभागात त्यांनी स्वतः अशा शंका काढण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं, त्यामुळे त्यांना ओरडताही येईना. ते मनातल्या मनात त्या अनोळखी मुंबईच्या माणसाच्या जागी जाऊन बसले आणि त्यांना दिसलं, की आपणही हेच विचारलं असतं.

मग जन्मदाखला, प्रवेशपत्राचं भाषांतर, आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. जुन्या कोर्टाजवळ मुद्रांक विक्रेत्यासमोर रांग लावून ते उभे राहिले. विक्रेत्याने रजिस्टर पुढे ओढलं.

"कारण काय लिहू?"

"रुपयाची घसरण होण्याची शक्यता लक्षात घेता—"

"साहेब, एवढी जागा नाही. भाडेकरार, खरेदीखत, का प्रतिज्ञापत्र?"

"प्रतिज्ञापत्र."

"मग तसं सांगा ना. रुपयाचं काय ते आत लिहा."

जुलै निम्मा सरला तेव्हा खातं चालू झालं. विजयमालाबाईंनी पेढे मागितले. मुख्य कार्यालयाच्या यादीत त्यांच्या शाखेचा करन्सीतला कायदेशीर गरज असलेला ग्राहक आता एकटा शामकांत निसळ होता. शामकांतरावांनी पाव किलो कंदी पेढे नेले, आणि युरोचा ऑप्शन दाखवा म्हणाले.

विजयमालाबाईंनी संगणक त्यांच्याकडे वळवला. पाटी होती. भावांचे रकाने होते. आकडे मात्र कुठेच नव्हते.

"युरोत सौदेच होत नाहीत, काका. विकणारा कोणी नाही."

"एकही?"

"सगळे गेले, म्हटलं ना. डॉलरचा मिळेल. तोही शोधावा लागेल."

"पण मला युरो लागतात!"

"डॉलर आणि युरो साधारण बरोबरच चालतात," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या प्रामाणिक होत्या. 'साधारण' हा शब्द त्यांनी मुळीच गाळला नव्हता. तो ऐकला नाही तो शामकांतरावांनी.

ऑगस्टअखेरीपर्यंतचा, चौऱ्याऐंशी रुपये भावाचा डॉलरचा कॉल घ्यायचा ठरलं. डॉलर चौऱ्याऐंशीच्या वर जेवढा जाईल तेवढे पैसे मिळणार. एक नग हजार डॉलरचा; अकरा हजार युरोंना असे बारा नग पुरत होते, खर्च सगळा मिळून अठराशे. शामकांतराव घरी आले, हात धुतले, आणि जुन्या सवयीने आधी एकाच नगाची चाचणी घ्यायचं ठरवून मोबाईलवर बटण दाबलं. दोन बटणं होती, निळं आणि लाल. लेखा विभागात तपासून मंजूर झालेल्या आकड्यावर लाल टिक होत असे. त्यांनी लाल दाबलं.

मिनिटभरात संदेश आला. व्यवहार झाला होता, आणि खात्यात दीडशे रुपये जमा झाले होते.

"बघा," ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "विमा घेतला आणि वर पैसे मिळाले."

"कोण देतं असं?" नीलांबरीबाई म्हणाल्या. चौतीस वर्षं हिशेब तपासलेल्या माणसाला पडायला हवा होता तो प्रश्न गाण्याच्या बाईंना पडला. उत्तर विजयमालाबाईंच्या फोनवरून आलं.

"काका! तुम्ही विकलाय! लाल म्हणजे विक्री!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही विमा काढला नाही, तुम्ही दुसऱ्याला विमा दिलाय. डॉलर वर गेला तर भरपाई तुम्ही द्यायची."

शामकांतराव पाटावर बसले. आपण एका अज्ञात माणसाची, कदाचित कुठल्या तरी मोठ्या आयातदाराची, जोखीम अंगावर घेतलीय आणि विमा कंपनी होऊन बसलोय, ही कल्पना त्यांना पेलवेना. बाजार पाचला बंद होणार होता. साडेचार वाजले होते. त्यांनी फोन हातात घेतला, पण बोट निळ्या बटणावर टेकेना. शेवटी मनवाने त्यांच्या हातावर हात ठेवून ते दाबलं. वीस रुपयांच्या तोट्यात विमा कंपनी बंद झाली. मग हवे असलेले बारा नग तिने आणि विजयमालाबाईंनी मिळून, विकणारा शोधत शोधत, चार दिवसांत गोळा केले.

"बाबा, तुम्ही आता निवांत राहा," मनवा म्हणाली.

आणि खरोखर आठवडाभर ते निवांत होते. सकाळी नऊला भाव पाहायचे, वहीत लिहायचे. डॉलर त्र्याऐंशी रुपये सत्तर पैसे. पंचाहत्तर. ऐंशी. म्हातारा माणूस जिना चढतो तसा एकेक पायरी, मध्ये थांबून. चौऱ्याऐंशी काही येईना. मग सहज त्यांनी शेजारच्या ओळीतला युरो पाहिला. एक्क्याण्णव. दोन दिवसांनी ब्याण्णव. ऑगस्टच्या मध्याला युरो ब्याण्णव ओलांडून निघाला आणि डॉलर तिथेच जिन्यावर उभा.

शामकांतरावांनी कागदावर आकडेमोड केली. नीट केली, कारण तेवढं त्यांना येत होतं. युरो महाग झाला होता. ज्याची भीती होती तेच झालं होतं. आणि विमा ज्या चलनाचा काढला होता ते मात्र ठणठणीत होतं.

त्यांनी भिंतीपाशी जाऊन चांदभाईंना हाक मारली. बोलल्याशिवाय राहवेना.

चांदभाईंनी ऐकलं. हसू आवरायचा त्यांनी खरंच प्रयत्न केला. "भाऊसाहेब, म्हंजी तुमी लिंबाचा इसार दिला आन मोसंबीच्या बागेत राखन करत बसला?"

"तसंच."

"आसू द्या. अठराशेच गेले ना? मी एका साली गारपिटीत दोन लाख इसार सोडून आलो. शरिफा आठ दिस बोलली न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "पोरीचं काम अडायचं न्हाई. काय लागलं तर भिंतीवरनं हाक मारा. आमी हाय."

शामकांतराव "हो हो" म्हणाले आणि घाईने आत आले. हाक मारायची नाही, हे त्यांनी आत येता येता ठरवलं होतं. पण ऐकून बरं वाटलं होतं, ते नाकारता येत नव्हतं.

वीस ऑगस्ट उजाडला. ठेव पिकली. शामकांतराव दहा वाजता बँकेत हजर. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला आणि म्हणाल्या, "काका, ही रिन्यू झालीय."

"कशी?"

"आपोआप. अजून एक वर्षासाठी. तुम्हीच खूण केलीय, हे बघा."

होती. त्यांचीच खूण, त्यांचंच वळण. व्याजाचा एक दिवसही बुडू नये म्हणून. आता ठेव पुन्हा मुदतीची झाली होती, आणि पैसे हवे तर ती मोडावी लागणार होती. बाईंनी अर्ज पुढे सरकवला. अर्जाच्या वर छापलं होतं: 'मुदतपूर्व बंद करण्याबाबत.'

शामकांतरावांनी सही केली. एकाच दिवसाची ठेव होती, कापायला व्याज असं काही नव्हतंच, तरी सही करताना तो छापील मथळा त्यांनी दुसऱ्या हाताने झाकला होता.

याच आठवड्यात मनवाला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली: चार सप्टेंबर, मुंबई. आणि तिच्यासोबत सूचना, की एक सप्टेंबरपासून कुलूपबंद खात्यातली रक्कम वाढली आहे. आता अकरा हजार नऊशे चार युरो. जवळजवळ सातशे युरो जास्त.

ही सूचना मनवाने वाचून दाखवली आणि शामकांतरावांनी तो आकडा वहीत लिहिला. आतल्या खोलीत एका मुलीचा सूर लागत नव्हता. भावाचा विमा काढता येतो. पण समोरचा माणूस मापच मोठं घेऊन आला, तर त्याला काय करायचं, हे त्या बारा व्हिडिओंपैकी एकातही नव्हतं.

"कमी किती पडतात?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

"सगळं धरून लाखभर."

जूनमध्ये सहा हजार आठशे सोडले असते, तर त्यातला निदान भाववाढीचा भाग वाचला असता, हे तिथे बसलेल्या तिघांनाही कळलं होतं. नीलांबरीबाई ते बोलल्या असत्या, तर शामकांतरावांना बरं वाटलं असतं. वाद घालता आला असता. पण उठून त्यांनी आमटीला फोडणी दिली.

"मी नाही गेले तरी चालेल, बाबा," मनवा हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू. सुप्यात ठेवतील मला परत."

शामकांतरावांनी वही मिटली. कपाट उघडून त्यांनी दुसरी एक पावती काढली. सव्वा लाखाची ठेव, अजून चौदा महिने बाकी. पावतीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, त्यावर त्यांच्या अक्षरात एकच शब्द: 'दात.' वरच्या जबड्यात पाच दात नव्हते, काढघालीची कवळी त्यांना सहन होत नसे, आणि पक्के दात बसवायला डॉक्टरांनी एवढाच खर्च सांगितला होता.

"अहो, दातांचे पैसे," नीलांबरीबाई म्हणाल्या.

"डाव्या बाजूने चावता येतं," शामकांतराव म्हणाले. "आजवर चावतोच आहे."

ते त्याच दुपारी पुन्हा बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काका, परत?" आणि शामकांतरावांनी अर्ज स्वतःच मागून घेतला. या वेळी व्याज कापलं गेलं. किती, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यातली न विचारलेली ती पहिलीच वजावट असावी.

अठ्ठावीस ऑगस्टला कॉलची मुदत संपली; त्या दुपारी डॉलर चौऱ्याऐंशीच्या खालीच राहिला आणि बारा नग निमूटपणे मेले. विजयमालाबाईंनी फोन करून सांगितलं. "वाईट वाटून घेऊ नका, काका. विमा वाया गेला म्हणजे घर जळलं नाही, असं समजायचं."

"घर जळलं हो," शामकांतराव म्हणाले. "विमा शेजाऱ्याचा काढला होता."

विजयमालाबाई इतक्या हसल्या, की शामकांतरावांनाही हसू आलं, महिन्याभरात पहिल्यांदा. मग बाईंनी आवाज बदलून सांगितलं, की पुढच्या जुलैत आयकर विवरणपत्र भरताना मात्र ऑप्शनमुळे निवृत्तिवेतनाशिवाय 'व्यवसाय' हाही रकाना भरावा लागेल. शामकांतरावांनी ही बातमी चांदभाईंना सांगितली. चांदभाईंनी भिंतीवरून हात पुढे केला आणि गंभीरपणे धंद्यात स्वागत केलं.

व्हिसा आला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मनवा गेली. शरिफाभाभींनी लिंबाच्या लोणच्याची एवढी मोठी बरणी दिली, की विमानाच्या वजनात बसवायला दोन स्वेटर काढावे लागले. अजिनाथराव भल्या पहाटे टोपी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चेन्नईत ऊन लई असतंय, जप."

मनवा गेल्यावरही शामकांतराव रोज सकाळी नऊला भाव पाहत राहिले. नीलांबरीबाईंनी एकदा विचारलं, "आता कशाला? झालं ना सगळं?"

"ती आता युरोत राहते," ते म्हणाले, आणि वहीत आकडा लिहिला.

नोव्हेंबरात युरो उतरायला लागला. एक्क्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. आपल्याला हवा होता तेव्हा चढला आणि नको झाला तेव्हा उतरला, याबद्दल शामकांतरावांनी त्याला मनातल्या मनात बरंच सुनावलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मनवाचा व्हिडिओ कॉल आला. मागे खिडकीत करडं आभाळ होतं. ती एका बेकरीत शनिवार-रविवारचं काम करत होती, हे त्यांना माहीत होतं. पहिला पगार झाला होता, हे माहीत नव्हतं.

"बाबा, मी शंभर युरो पाठवतेय तुम्हाला. दातांच्या खात्यात टाका. दर महिन्याला पाठवीन."

शामकांतरावांनी वही उघडून भाव पाहिला. नीलांबरीबाई शेजारून पाहत होत्या. शामकांतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"आज पाठवू नकोस," ते म्हणाले. "एकोणनव्वदवर आलाय. पडता भाव आहे, नुकसान होईल. तुझ्याजवळच असू दे. थंडी आहे तिकडे. त्याचा कोट घे एखादा."

"कोट आहे माझ्याकडे, बाबा."

"मग दुसरा घे," शामकांतराव म्हणाले, आणि फोन बायकोच्या हातात देऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले.